चंद्रामायची वाळकी

चंद्रामाय माणसाची खुशाली तोंडाने विचारत नसे, हाताने विचारायची. वरवटच्या बाजारातून तुम्ही भाजीची पिशवी घेऊन येताय आणि समोरून ती आली, की झालं. पिशवी धरलेलाच हात पकडायची, दंडाचं मांस चिमटीत घेऊन दाबून पाहायची आणि भर रस्त्यात निकाल द्यायची, "काऊन वं, वाळली तू? सासू खाऊ घालत नाही काय?" सासू शेजारी उभी असली तरी हिला फिकीर नाही. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा बाकीच्या बायका माझं तोंड पाहायला आल्या, ही मनगट पाहायला आली. उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्या सासूबाईंना म्हणाली, "हाडं चांगले हायत. भरून निंघन पोट्टी." बापा, असा संताप आला मला! गुरांच्या बाजारात उभी केल्यासारखं वाटलं. सासूबाई मात्र दिवसभर खूश होत्या.

तिची सगळी हयात म्हशींत गेली, त्याला ती तरी काय करणार. घर दोन खणांचं आणि म्हशींचा कोठा त्याहून मोठा. आमच्या दारासमोर तिचा कोठा, आणि माझं शिलाई मशीन दाराशी खिडकीत. म्हणजे मी ब्लाऊज शिवायचे आणि चंद्रामायचं बोलणं ऐकायचे. ती म्हशींशी बोलायची. अगदी मोठ्याने. धार काढताना, शेण भरताना, पाणी दाखवताना, तोंडाचा पट्टा सुरू. आणि काय बोलायची? सगळ्या गावाचं. कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाची पोरगी माहेरी येऊन बसली, कोणत्या दुकानदाराने पीठ जुनं दिलं. माणसापाशी चहाडी केली तर पाप लागतं, म्हशीपाशी केली तर लागत नाही, अशी तिची आपली समजूत. पण ऐकायला आम्ही होतोच की. गावातली बातमी मला वर्तमानपत्राआधी कोठ्यातून कळायची.

एकदा गल्लीतल्या एका पोरीला पाहायला शेगावकडचे पाहुणे आले. चहा-पोहे झाले, पोरगी ओढणी सावरत बसली, नवरदेव मोबाईल चाळत बसला. दूध द्यायला म्हणून चंद्रामाय आत गेली ती सरळ नवरदेवापाशी. धरला की त्याचा दंड! सगळे गार. म्हणाली, "याले आंधी चार महिने दूध पाजा, मंग पोरगी पाहा." पाहुणे तावातावाने उठले. लग्न मोडलंच. पोरीच्या बापाने पुढे कितीतरी दिवस तिच्याकडचं दूध बंद ठेवलं होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. "मी काय खोटं बोल्ली?" एवढंच.

तिचा काट्यावर विश्वास नव्हता. अंगणवाडीच्या ताई लेकरांना झोळीच्या काट्याला लटकवून वजन घ्यायच्या, तर ही दारात उभी राहून ओरडायची, "लेकरू काय कांदे हायत का वं, तोलून राह्यली ते? मांड्या पाह्य ना त्याच्या!" आणि खरं सांगते, दुधाचंही तसंच. माप भरून झालं की वर पुन्हा एक धार सोडायची, न बघता. मोजून दिलं की अंगी लागत नाही म्हणायची. "माह्या हाताखाली एकबी जनावर वाळलं नाही," हे तिचं पालुपद. दिवसातून दोनदा तरी म्हणायची. आणि म्हटल्यावर क्षणभर गप्प व्हायची.

त्या गप्प होण्याचं कारण आम्हा जुन्या लोकांना माहीत होतं. तिचा नवरा. त्याला ती 'बुढा' म्हणायची, म्हातारा नव्हता तेव्हापासून. आमच्या भागातलं पाणी खारं. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि तेच पिऊन पिढ्या गेल्या. आता जारचं पाणी येतं, तेव्हा नव्हतं. बुढ्याच्या किडन्या गेल्या. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मीठ नाही, डाळ नाही, आणि पाणी मोजून. दिवसभरात एवढंच, वाटीने. मी तेव्हा नवी होते. पण डोळ्यांनी पाहिलंय, दुधाला वरून धार सोडणारी ही बाई स्टीलच्या एका लहान वाटीने नवऱ्याला पाणी द्यायची. तो उन्हाळ्यात पाणी मागायचा, हात जोडायचा. ही वाटी भरायची, बोटाने थोडं परत काढायची आणि द्यायची. देऊन झालं की कोठ्यात जाऊन म्हशीच्या अंगावर डोकं टेकून उभी राहायची. तो वाळत वाळत गेला. तो गेला त्या दिवशी तिने ती वाटी घासली आणि फडताळात सगळ्यात मागे पालथी घातली. पुन्हा कधी कुठल्या कामाला काढली नाही. लेकरूबाळ नव्हतं. मग काय, म्हशी.

गुडघे गेले तशा म्हशीही एकेक गेल्या. शेवटची भुरी. ती दिराच्या मुलाने, दिगांबरने, नेली. दिगांबर मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. तिचं थोडं शेत तोच करतो. पण कानाचा फोन सुटत नाही त्याच्या, आणि एका वेळी एकच गोष्ट डोक्यात राहते. भुरीला टेम्पोत चढवली तेव्हाही तो फोनवर बोलतच होता. चंद्रामाय ओट्यावर उभी. टेम्पो गेला. ती आत गेली, रिकाम्या कोठ्याचा दरवाजा ओढून घेतला, आणि समोरचा आवाज बंद झाला.

तो आवाज बंद झाला ते मला किती जड गेलं, काय सांगू! सासूबाई कधीच्या गेल्या, माझे यजमान खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये, रविवारी येतात. दिवसभर मी आणि मशीन. आयुष्यभर त्या बडबडीला बोटं मोडली, आणि आता कान तिकडेच. गल्लीही रिकामी झालेली. कुणी पुण्याला, कुणी सुरतला, दारांना कुलपं. चंद्रामाय ओट्यावर बसायची, रस्त्याकडे पाहायची. जाणाऱ्याचा दंड धरायलाही उठायची नाही. "माय, जेवली का?" विचारलं की म्हणायची, "झालं." काय झालं, कधी झालं, कुणाला ठाऊक. चूल दोन वेळा पेटताना मी पाहिली नाही.

मग त्या हिवाळ्यात, हरभरा घाट्याला आला होता तेव्हा, ती एक दिवस काठी टेकत शेतात गेली. बऱ्याच दिवसांनी. परत आली ती डोक्यावर टोपलं घेऊन. मला वाटलं शेण आणलं. टोपलं ओट्यावर उतरवलं आणि मला हाक मारली, "सुनंदे, कातर आन."

टोपल्यात कुत्र्याचं पिल्लू होतं. पिल्लू कसलं, कातडं आणि त्यात काड्या. दिगांबरने रानडुकरांना हुसकायला म्हणून ते आणून शेतातल्या झोपडीपाशी बांधलं होतं. बांधलं आणि तुरीच्या मळणीच्या गडबडीत विसरला. सुतळी तशीच, पिल्लू तसंच. कुणी येणारा-जाणारा भाकरीचा तुकडा टाकत असेल म्हणून जिवंत होतं. मान थोडी वाढली तशी सुतळी कातड्यात रुतलेली. अंगावर गोचिड, डोळ्यांत चिपाडं. फासळ्या मला हात न लावता मोजता आल्या असत्या. मी जपून सुतळी कातरत होते, आणि ती एका हाताने त्याची मान धरून दुसऱ्या हाताने पाठ चाचपत होती. कितीतरी महिन्यांनी तिची ती बोटं पुन्हा चालत होती.

"मादी हाय," म्हणाली. "वाळकी झाली बिचारी. पाहातच राह्य तू, कशी भरून काढतो."

"माय, हे जगत नाही वं," मी म्हणाले.

"माह्या हाताखाली एकबी जनावर वाळलं नाही," ती म्हणाली. या वेळेस म्हटल्यावर गप्प झाली नाही. लगेच उठून कोठ्याचं दार उघडलं.

दिगांबरला तिने फोनवर जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी तो धावत आला, तोंड पाडून उभा राहिला. खरंच त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "काकू, ध्यानातच नाही राह्यलं," म्हणाला. ती म्हणाली, "बांधलेलं जनावर ध्यानात ठेवा लागते बे. सुटं असलं तं ते सोताचं पाहाते." त्याला चहा दिला आणि घालवून दिलं.

आता वाळलेलं जनावर भरून काढायचं म्हणजे काय, हे वऱ्हाडात कुणाला शिकवावं लागत नाही. ढेप. सरकीची ढेप, पुण्याकडे तिला पेंड म्हणतात. आमच्याकडे म्हैस आटली, ढेप. गाय व्याली, ढेप. बैल थकला, ढेप. कोठ्याच्या कोपऱ्यात भुरीची उरलेली अर्धी गोणी होतीच. चंद्रामाय ती भिजवायची, चुलीवर शिजवायची, त्यात दूध, गूळ, तांदळाची कणी. वास असा सुटायचा की भुरी परत आली की काय असं वाटावं. भुकेलं पिल्लू, समोर येईल ते खाणारच. पोट टम्म व्हायचं. ही पुन्हा वाढायची. वरून पुन्हा एक धार दुधाची.

आणि कोठ्यातून आवाज यायला लागला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मशीनवरचा माझा पाय थांबला. "खाय वं वाळके, खाय. त्या कासाराच्या सुनेनं काय केलं मालूम हाय का तुले?" मी खिडकीत बसून हसले आणि डोळे पुसले. थंडीमुळे अर्धी लोटलेली खिडकी मी त्या दिवसापासून सताड उघडी ठेवायला लागले.

उरलीसुरली गल्ली पाहायला यायची. "माय, अंग धरलं की हो तुह्या कुत्रीनं!" ती फुगायची. दोन-तीन आठवडे असं चाललं असेल. मग वाळकी खाली बसली की उठेना. मागचे पाय लटपटायला लागले. धाप लागायची, नुसती पडल्या पडल्या बरगड्या वर-खाली. चंद्रामायने काय केलं असेल? ढेप वाढवली. अशक्तपणा हाय म्हणाली. शेवटी वाळकीने खाण्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्या दिवशी चंद्रामाय माझ्या दारात आली. माझ्या दारात ती कधी येत नाही, मला तिच्या दारात बोलावते.

"सुनंदे," म्हणाली, "माह्या हातात काही राह्यलं नाही वं."

तिचं तोंड पाहून मी शिवण तशीच टाकली. ऑटो केला आणि तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई वयाने लहान, बोलायला फटकळ. पिल्लाचं वजन करायचं होतं. ते एकटं काट्यावर थांबेना, आणि थांबलं तरी उभं राहीना. तेव्हा बाई म्हणाल्या, "आजी, पिल्लाला घेऊन तुम्हीच उभ्या राहा. मग एकट्या उभ्या राहा. त्यातून हे वजा केलं की झालं." माणसांचाच काटा, गोल तबकडीचा, काचेला वरून खाली तडा गेलेला. चंद्रामाय काट्यावर चढायला तयार नाही. "मी काय कांदे हाव?" मी ढकलून चढवली. पिल्लू छातीशी धरून ती उभी राहिली आणि काटा नेमका त्या तड्याखाली जाऊन बसला, मला मान वाकडी करून पाहावं लागलं. मग माझ्याकडे पिल्लू देऊन ती एकटी उभी राहिली. काटा जेमतेम मागे सरकला. एवढंसं वजन होतं वाळकीचं.

"खायला काय देता?" बाईंनी विचारलं.

"ढेप," चंद्रामाय म्हणाली. जरा ऐटीतच म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, कुत्र्याला ढेप? अहो, ते गाई-म्हशींना पचतं, त्यांची पोटं वेगळी. सरकीत विष असतं कुत्र्यासाठी. हृदयावर जातं. रोज घातलीत?"

"रोज," ती म्हणाली. आता आवाज बदलला होता. "जास्ती जास्ती घातली."

मला वाटलं आता ही भांडेल. आयुष्यात कधी कुणाचं ऐकून न घेतलेली बाई. पण ती नुसती टेबलावरच्या पिल्लाकडे पाहत राहिली. बाईंनी सुई दिली, औषध दिलं, थोडा आवाज खाली आणून म्हणाल्या, "बघू. जगेलही. पण उपाशी राहिलेलं पोट आहे, एकदम भरायचं नाही. पातळ भात, थोडं चिकनचं पाणी. थोडं थोडं. मोजून द्यायचं, एक लहान वाटी, पुन्हा काही तासांनी एक. कितीही मागितलं तरी जास्त नाही. आणि पाणी जारचं द्या, बोअरचं नको."

'मोजून' म्हटल्याबरोबर तिने माझं मनगट पकडलं. घरी येईपर्यंत सोडलं नाही. घरात गेली आणि फडताळात हात घालून भांडी खडखडवत राहिली. बाहेर आली तेव्हा हातात ती वाटी होती. काळी पडलेली. ओट्यावर बसून राखेने घासत बसली, कितीतरी वेळ घासत बसली. मी म्हणाले, "माय, मी देऊ का माझ्या घरची एखादी?" मान हलवली. "हेच माप हाय," म्हणाली.

पुढचे दिवस मी विसरणार नाही. औषधाने वाळकीची भूक परत आली आणि तेच वाईट झालं. वाटी चाटून साफ करायची आणि चंद्रामायकडे पाहत कुईं कुईं करायची. पायावर पंजा मारायची. मी खिडकीतून पाहायचे, ही भाताच्या भगुण्याकडे हात न्यायची, परत घ्यायची. एकदा भगुणंच उचलून माझ्या घरी आणून ठेवलं. "तुह्यापाशी ठेव. माह्या हातावर माहा भरोसा नाही." वाळकी रडायला लागली की ती कोठ्याच्या भिंतीला डोकं टेकून उभी राहायची, तोंड तिकडे करून. टेकायला म्हैस नव्हती आता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, "असंच मांगे तो, असंच. अन् मी नाही म्हनो." याहून जास्त ती त्याबद्दल कधी बोलली नाही.

पण जनावर जगलं! होळी आली तोवर वाळकी ओट्यावरून उड्या मारायला लागली. डोळे चकचकीत, अंगावर तपकिरी मऊ केस, मानेभोवतीचा व्रण बुजला. मधून मधून दवाखान्यात न्यावं लागायचं, सुयांना. मी बाहेर चपलांपाशी थांबायचे, आत ती आणि वाळकी. काट्याचं ठरलेलं, आधी दोघी, मग एकटी. तिथला माणूस वजाबाकी करून ओरडायचा, "वाढलं आजी!" चंद्रामाय बाहेर यायची ती जग जिंकल्यासारखी. "सांग तुह्या त्या अंगणवाडीवालीले, काटाबी कधी कधी खरं बोलते." पाण्याचा जार रोज यायला लागला. तो वाळकीचा. त्याला कुणी हात लावायचा नाही. "तू पण पी ना त्यातलं," मी म्हणायचे. "मले फिकं लागते," तिचं उत्तर.

त्याच दिवसांत तिने माझ्याकडे ब्लाऊज आणून टाकले. "आवळून दे. धुऊन धुऊन सैल झाले." मी हसले. "माय, सुती कापड धुऊन आटतं वं, सैल होत नाही." "तुले काय समजते," म्हणाली. मी टीप मारून दिली. उन्हाळा लागताना पुन्हा आणले. पुन्हा टीप मारून दिली. माझ्यासमोर वाळकी दोऱ्याच्या फिरकीशी खेळत होती, आमचं सगळं लक्ष तिच्याकडे. येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारायची, "वाळकीनं खाल्लं का?" 

मग शेवटच्या सुईचा दिवस. वाळकी आता कडेवर मावेना, आणि चंद्रामायला पायऱ्या चढताना धाप लागली, म्हणून मी आत गेले. ती काट्यावर उभी राहिली, ती घोडीएवढी कुत्री कशीबशी उचलून. मी सहज तबकडीकडे पाहिलं. मला मान वाकडी करावी लागली.

काटा तड्याखाली होता. पहिल्या दिवशी होता बरोबर तिथेच.

मला आधी वाटलं काटा बिघडला. मग मी वाळकीला घेतलं, आणि ते वजन माझ्या हातांत आलं, आणि काटा मागे मागे गेला. किती मागे गेला! तो माणूस आनंदाने ओरडला, "वा आजी, काय वाढवली!" डॉक्टरबाईंनी मान वर करून शाबासकी दिली. मी चंद्रामायकडे पाहत होते. पावलं पाहिली, सुजलेली. बांगड्या पाहिल्या, कोपरापर्यंत चढलेल्या. मी शिवलेला ब्लाऊज पाहिला, दोनदा आवळलेला आणि पुन्हा सैल. ती माझ्याकडे पाहत होती. तिने ओळखलं की मी ओळखलं.

ऑटोत बसल्यावर मी तिचा दंड धरला. तिने धरायचा तसा, चिमटीत. हाती काही लागलं नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"हिवाळ्याआंधीपासून," ती म्हणाली. "बुढ्याचं असंच सुरू झालं होतं. मले मालूम हाय."

"अन् तू गप्प बसली? माय, डोकं ठिकानावर हाय का तुह्यं? दवाखान्यात काऊन नाही गेली?"

"जाऊन काय? तेच सांगतीन. वाटीनं पानी." तिने बाहेर पाहिलं. "मी नाही पेनार मोजून."

मला इतका राग आला की मी ऑटोवाल्यासमोर ओरडले, "अन् या कुत्रीले मोजून घातलं, रडून रडून घातलं, ते कसं घातलं?"

"ते जगनारं होतं वं," चंद्रामाय म्हणाली. वाळकी तिच्या मांडीवर झोपली होती, तिच्या कानामागे ती खाजवत होती.

मी ऐकलं नाही. ऐकणारी मी नव्हेच. त्याच संध्याकाळी दिगांबरला फोन लावला. आणि त्याने, त्या विसराळू पोराने, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आणून दारात उभी केली. फोन खिशात होता. "काकू, चाल," म्हणाला, "या खेपेस नाही विसरनार." ती ओट्यावरून उठेना. त्याने समजावलं, मी शिव्या घातल्या, गल्ली गोळा झाली. शेवटी मी म्हणाले, "माय, मी घालते वाळकीला. तुझ्याच मापाने." त्यावर ती उठली. आत गेली, लुगडं बदललं, फडताळापाशी थांबली. ती वाटी बाहेर आणून माझ्या हातात दिली. "कितीबी मांगितलं तरी एकदम भरू नको," म्हणाली. "मांगन ते. लय मांगन."

अकोल्याच्या दवाखान्यातून ती परत आली नाही. दिगांबर शेवटपर्यंत तिच्याजवळ होता. तिला पाणी मोजून दिलं का, हे मी त्याला विचारलं नाही. मला विचारवलं नाही.

पण मला ती आठवते ती गाडीतली. दिगांबर गाडी सुरू करतोय, ती मागच्या सीटवर, पायांवर शाल. काच खाली करायला लावली. मला वाटलं काहीतरी सांगेल, निरोपाचं, घराचं, कोठ्याच्या किल्लीचं. ती म्हणाली, "वर धर तिले." मी वाळकीला दोन्ही हातांनी उचलून खिडकीशी नेलं. तो हाडकुळा हात बाहेर आला, वाळकीच्या पोटाखालून बरगड्यांवर फिरला, दाबून दाबून पाहिलं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

"लागत नाहीत," चंद्रामाय म्हणाली, आणि हात आत घेतला.

गाडी बाजाराच्या वळणाला गेली. वाळकी माझ्या हातांत होती आणि ती फार जड लागत होती.